डेसली पोलमनचा साठ सेकंदांचा रस्ता

डेसली पोलमन गेम खेळते असं कुणी म्हटलं की तिचं डोकं सणकतं. "मी खेळत नाही, मी मोजते," असं ती ठणकावून सांगते, आणि ते खरंच आहे. ज्या गेमपुढे भलेभले कॉम्प्युटर माना टाकतात, त्या गेमची गोष्ट काय, नायकाला शेवटी राज्य मिळतं की नाही, हे तिला चार वर्षांत कळलेलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नाही. तिला त्यातला साठ सेकंदांचा रस्ता तेवढा ठाऊक आहे. विहिरीपासून निघायचं, मासळीबाजारातून डावीकडे वळायचं, कोंबड्यांच्या मधून वाट काढत पूल ओलांडायचा आणि चर्चच्या पायरीशी थांबायचं. नवं ग्राफिक्स कार्ड आलं की ती ते बसवते, हा रस्ता चालते, आणि कार्डाने सेकंदाला किती चित्रं काढली ते टिपून घेते. पहिली फेरी कार्ड तापवण्यापुरती. पुढच्या तीन खऱ्या.

गेममध्ये आयती चाचणीही आहे, बटण दाबलं की आपोआप चालणारी. तिच्यावर डेसलीचा काडीचा विश्वास नाही. "तो फुटलेला पेपर आहे. कंपन्या तेवढाच अभ्यास करून येतात," असं तिचं म्हणणं.

ही खोड जुनी. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाच्या धान्याच्या कोठारात तिने सव्वीस वर्षं गव्हातला ओलावा मोजला. ट्रक घेऊन आलेले शेतकरी आकड्यावरून तणतणायचे, तेव्हा ही त्यांच्यासमोर पुन्हा मूठभर गहू घ्यायची आणि पुन्हा तोच आकडा दाखवायची. निवृत्तीनंतर तिने तोच हट्ट कार्डांचे निकाल देणाऱ्या स्वतःच्या वेबसाइटवर चालवला. दर फेरीत पाऊल त्याच जागी पडे, म्हणून तिच्या तीन फेऱ्यांत अर्ध्या चित्राचाही फरक पडत नसे. एका कार्डाला तीन-तीन हजार डॉलर मोजायचे म्हणजे चेष्टा नाही, म्हणून डार्विनपासून होबार्टपर्यंतचे लोक आधी विचारत, "डेसचा आकडा आला का?"

ऑगस्टात, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, सिडनीच्या वितरकाकडून नवं कार्ड आलं. शुक्रवारी निकाल द्यायचा होता. डेसलीने खोली बावीस अंशांवर आणली आणि चालायला लागली. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याण्णव.

"हे काय माकडचाळे?" ती कार्डाला म्हणाली. तिने कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, वायरी बदलल्या, हीटर हलवला. आकडे नाचतच राहिले. तिने वितरकाकडच्या फरीदा हद्दादला फोन लावला.

"फरीदा, तुमचं कार्ड धड नाहीये. अडखळतंय."

"डेस, आणखी पाच जणांकडे गेलंय गं ते. कुणाची तक्रार नाही."

"त्या पाच जणांनी बटण दाबलं असेल."

"बरं बाई, दुसरं पाठवते. पण ते येईपर्यंत काही छापू नकोस हं."

बुधवारी दुसरं आलं. तेही तसंच. डेसलीने रागारागाने निकाल लिहूनही टाकला: हे कार्ड घेऊ नका. फक्त पाठवायचा राहिला. पण कोठारातली जुनी सवय आडवी आली. दोन ट्रकांतला गहू सारखाच विचित्र निघाला, तर आधी काटा तपासायचा. तिने कपाटातलं स्वतःचं जुनं कार्ड काढून बसवलं. त्याचा आकडा तिला पाठ होता, एकसष्ट.

अठ्ठावन्न आला. मग चौसष्ट. तिसऱ्या फेरीत मासळीबाजाराच्या वळणावर ती टोपल्यांवर आदळली. तिने माउस सोडला आणि उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आपला आपण हलत होता.

लायल चहा घेऊन आला. तिचा नवरा. त्याने तीस वर्षं रोमा गावाहून गुरांचे ट्रक हाकले. त्याने कप टेबलावर ठेवला, आणि डेसलीच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की कप अर्धाच भरलेला आहे.

"असा अर्धा चहा किती दिवस देतोयस तू मला?"

लायल जमिनीकडे बघत म्हणाला, "इस्टरपासून. सांडायचा तुझ्याकडून."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तुला? तुला सांगायचं, की तुझा हात चुकतोय?" त्याने कॉलर खाजवली. "डॉक्टरची वेळ घेतलीय. मंगळवारची. तीन आठवडे झाले घेऊन."

डेसली त्याच्यावर ओरडणार होती, पण तिला रडूच आलं. हाताचं दुःख होतंच. त्याहून जास्त लागलं ते हे, की इस्टरनंतर तिने चार निकाल दिले होते आणि त्यातलं एक, बहुधा चांगलं, कार्ड आकडे डळमळले म्हणून लोकांनी तिच्या शब्दावर नाकारलं होतं. कोठारात तिने असं कुणाचं कधी केलं नव्हतं.

डोळे पुसून ती उठली आणि खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "बस इथे."

"मी? अगं, मला टीव्हीचा रिमोट धड येत नाही."

"ट्रक येतो ना? मी सांगते तसा जा. विहीर. सरळ. आता डावीकडे. हळू, गुरं नाहीत मागे!"

"कोंबड्या आल्या की गं!"

"येऊ देत. ब्रेक शोधू नकोस, नाहीये."

गुरुवारी दुपारपर्यंत लायल चाळीस वेळा तो रस्ता चालला. दोनदा नदीत पडला, एकदा चर्चऐवजी खाटकाच्या दुकानात शिरला. पण शेवटी जुन्या कार्डावर आले एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट. आणि नव्यावर शहाण्णव, तिन्ही वेळा. कार्ड निर्दोष होतं. लायल लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता आणि डेसलीला त्याचं कौतुकही वाटत होतं, हेवाही.

शुक्रवारी सकाळी तिने डाव्या हाताच्या एका बोटाने निकाल टाइप केला. प्रत्येक निकालाखाली ती चाचणीच्या सामानाची यादी देते: प्रोसेसर कुठला, मेमरी किती, खोलीचं तापमान काय. या वेळी तिने तिथे एक ओळ वाढवली.

हात: लायल पोलमन. इस्टरनंतरचे माझे चारही निकाल रद्द समजा. दोष कार्डांचा नव्हता, हात माझा बिघडला होता.