नाकाच्या रंगावरून थंडी

बंगळुरूच्या हवेचं आम्ही सगळेच कौतुक करतो आणि स्वेटर घालतो. ती हवा खऱ्या अर्थाने अंगाला लावून घेणारा माणूस मात्र मी एकच पाहिला, बनशंकरीतल्या आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा. मूळचे निपाणीकडचे. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं पाळीपाळीने भट्टीपुढे उभे राहिले आणि अंगातलं घड्याळ बिघडवून निवृत्त झाले. रात्री टक्क जागे, दुपारी पेंगत. मग कुठेसं वाचलं, की थोड्या गारव्यात शरीर चरबी जाळून स्वतःच ऊब तयार करतं आणि अंग निवलं की झोपही वेळेवर येते. झालं! डिसेंबरात अण्णा पहाटे गच्चीवर बनियनवर बसू लागले आणि घरातल्या खिडक्या रात्रंदिवस उघड्या राहू लागल्या.

"कुडकुडायचं नाही हं, स्वल्प गार," ते मला समजावत. "शरीर आपणच भट्टी पेटवतं." पोटाच्या घेराकडे पाहून मीही तीन दिवस त्यांच्याशेजारी बसलो. भट्टी बहुधा पेटली असावी, कारण नाश्त्याला दोन इडल्या जास्त लागू लागल्या. घेर होता तिथेच राहिला.

खरी पंचाईत त्यांच्या पत्नीची, अक्कांची. भट्टीच्या रंगावरून तिचं तापमान सांगणारे अण्णा बायकोच्या नाकावरून खोलीचं सांगत. "लाल कुठं झालंय अजून?"

"माझ्या थायरॉईडला विचारलंत का?" अक्का शालीतून म्हणत. शेवटी त्या मुलीकडे नागपूरला निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "खिडकी मिटली की कळवा."

तीन आठवडे झाले. अण्णांना हवा तेवढा गारवा मिळाला, झोप काही मिळेना. एका सकाळी चहाला गेलो, तर पलंगाच्या अक्कांच्या बाजूची खिडकी बंद, वर फटीत फडकं कोंबलेलं.

"अक्कांना कळवलंत?"

"कसं कळवू? म्हणेल, शास्त्र चुकलं." मग म्हणाले, "शास्त्र बरोबर आहे हो. पण पांघरूण ओढणारं कुणी नाही. तुम्ही फोन करा. म्हणावं, खिडकी गंजून घट्ट बसली."

मी खाली येऊन निरोप सांगितला.

"लाकडी खिडकी गंजली?" अक्का म्हणाल्या. "जन्मभर लोखंडच पाहिलंय त्यांनी." मग विचारलं, "थंडी आहे का हो तिकडे?"

"आहे थोडी."

"कपाटात डावीकडे त्यांचा स्वेटर आहे. मी येईपर्यंत घालायला सांगा."