मामांची निर्यात

विसराळू माणसं मी पुष्कळ पाहिली; पण आपण विसरणार आहोत ही एकच गोष्ट आयुष्यभर न विसरलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मोठे मामा. मामांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली. मूळ नकाशा कपाटात, ट्रेसिंग टेबलावर आणि निळी प्रत साहेबाकडं, या शिस्तीत उभी हयात गेल्यावर कुठलीही एकुलती एक वस्तू दिसली की त्यांना धडधडायला लागतं. ते पैठणला निघाले की पिशवीत दोन छत्र्या असतात. चष्मे तीन: एक डोळ्यांवर, दुसरा तो हरवला तर, आणि तिसरा तो दुसरा शोधायला. गारखेड्यातल्या त्यांच्या घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, शेजारी गावाला गेले तर म्हणून एक समोरच्या शिंप्याकडे आहे, आणि शिंप्याचं दुकान शुक्रवारी बंद असतं म्हणून एक कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे आहे. एकदा खरोखरच मामा-मामी घराबाहेर अडकले. मामांनी विजयी मुद्रेनं तिन्ही किल्ल्या गोळा करून आणल्या आणि एकही लागेना. मामींनी आदल्या आठवड्यात कुलूप बदललं होतं. "सांगायचं राहून गेलं," मामी म्हणाल्या. मामांनी तिथंच पायरीवर बसून मोबाइल काढला आणि नोंद केली: 'कुलूप बदलल्यास सर्वांस कळवणे.'

ही नोंदींची सवय मात्र जुनी नव्हे. ती लागली त्यांच्या मुलीच्या लग्नापासून. जालना रोडवरच्या मंगल कार्यालयात लग्न थाटात झालं. सगळ्या पाहुण्यांचे नवरा-नवरीबरोबर फोटो झाले, आचाऱ्याचासुद्धा झाला, आणि मामांचा सख्खा धाकटा भाऊ तेवढा राहिला. करमाडला शेती करणारे, घरात 'करमाडचे मामा' म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ नवा फेटा बांधून खुर्चीवर बसून होते. आता बोलावतील, मग बोलावतील. कुणी बोलावलंच नाही. फोटोवाला कॅमेरा पिशवीत भरायला लागला तसे ते उठले, फेटा काढून काखेत मारला आणि न जेवता करमाडला गेले. त्यानंतर दोघा भावांत बोलणं नाही. मामा दोनदा करमाडला जाऊन आले. दोन्ही वेळा भाऊ शेतात होते आणि निरोप गेल्यावरही शेतातच राहिले. "एवढा सख्खा भाऊ, आन् माझ्या ध्यानातून गेला," मामा मला एकदाच म्हणाले होते. "मंग हे डोकं कशाला ठिवायचं, सांगा जावईबापू?"

डोकं ठेवावंच लागतं, म्हणून त्यांनी त्यावरचा भार तेवढा काढला. मुलीनं त्यांच्या मोबाइलवर नोंदींचं एक अ‍ॅप टाकून दिलं, आणि मामांनी ओळखीच्या प्रत्येक माणसाच्या नावानं त्यात एकेक नोंद उघडली. कोण काय खातो, कोण कशाला दुखावतो, कुणाला काय विचारायचं आणि कुणाला काय अजिबात विचारायचं नाही. टायपिंग जमेना म्हणून ते बोलून लिहीत. पण फोनला आपली बोली कळत नाही असा त्यांचा अनुभव होता. "लई गोड खातो" म्हटलं की तो 'लाही गोड खातो' लिहायचा. तेव्हापासून मामा माणसांशी करमाडचं बोलतात आणि फोनशी आकाशवाणीचं. भाजीबाजारात कुणी भेटलं, दोन घटका बोलणं झालं की मामा टोमॅटोच्या पाट्यांआड जायचे आणि तिथून गंभीर आवाज यायचा: "यांच्या सुनेस नोकरी लागली आहे. पूर्णविराम. पुढील भेटीत अभिनंदन करावे. पूर्णविराम." टोमॅटोवाली दचकून वजन सोडून बघत राहायची. मामी म्हणायच्या, "यांच्या डोक्यात काई ऱ्हात नाय, समदं खिशात."

आणि एवढ्या सगळ्या दोन-दोन, तीन-तीनच्या संसारात या नोंदींची मात्र दुसरी प्रत नव्हती. मुलीनं सांगितलं होतं की हे सगळं 'क्लाउड'मध्ये असतं. ढगात असलेल्या वस्तूला काय होणार, या भरवशावर मामा निर्धास्त होते. मग मागच्या उन्हाळ्यात एक दिवस अ‍ॅप उघडल्यावर निरोप आला: ही सेवा महिनाअखेर बंद होत आहे, आपल्या नोंदी उतरवून घ्याव्यात. मी विमा कंपनीच्या ऑफिसात संगणकासमोर बसतो, त्यामुळे सासरच्या मंडळींत संगणकाची सगळी कामं माझ्याकडे येतात. सकाळी दाढी करत असताना फोन आला.

"जावईबापू, ढग बंद पडायलाय."

मी तोंड धुऊन गेलो. ढग म्हणजे आकाशातलं काही नसून कुठल्यातरी कंपनीचा मोठा संगणक असतो, हे मी समजावून सांगितलं. मामांचा चेहरा उतरला.

"म्हंजे दुसऱ्याच्या घरात हाय समदं?"

"तसंच म्हणा."

"आन् किल्ली?"

"पासवर्ड आहे ना तुमच्याकडे."

"व्हय, पण कुलूप त्याह्यचं हाय!" मामा म्हणाले, आणि मामींकडे असं काही बघितलं की मामी स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मला त्या दिवशी ऑफिस होतं, म्हणून संध्याकाळी येतो असं सांगून मी निघालो. मामांना तेवढा धीर कुठला. त्यांनी सेटिंग उघडली, त्यात 'निर्यात करा' असं बटण सापडलं. "निर्यात? कांदा हाय का?" असं पुटपुटत त्यांनी ते दाबलं, झालेली फाइल घेतली आणि भर उन्हात औरंगपुऱ्यातलं झेरॉक्सचं दुकान गाठलं. कागदावर आलं की काम पक्कं, हा खात्यातला संस्कार. दुकानदारानं पहिलं पान छापलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "चाचा, इसमें तो सब डब्बेच डब्बे आ रहे."

खरंच, पानभर अक्षरांच्या जागी चौकोनी डब्बे. ओळीमागून ओळी, मधूनच एखादा पूर्णविराम तेवढा शाबूत. "अरे भाई, मेरेकु डब्बे नक्को, अक्षरां होना!" मामा म्हणाले. दुकानदारानं दुसरं पान काढलं, तिसरं काढलं, डब्बेच. मी संध्याकाळी गेलो तेव्हा मामा ती पानं मांडीवर घेऊन बसले होते आणि एकेका डब्ब्यावर बोट ठेवून तो कोण असेल याचा अंदाज करत होते. "ही लांब ओळ बहुतेक माझी बहीन," ते म्हणाले. "तिचं लई लिवलं व्हतं." माणसं गेल्यासारखाच तो चेहरा होता. मला हसूही येईना.

अडचण साधी होती. त्या अ‍ॅपला छापायची फाइल करताना मराठी अक्षरं जमत नव्हती. मी त्याच बटणाखाली 'साधा मजकूर' असा दुसरा पर्याय निवडला, पडद्यावरचं चाक बराच वेळ फिरलं, आणि एका लांबलचक फाइलमध्ये सगळी माणसं अक्षरांसकट खाली आली. मामांनी वर-खाली करून पाच-सहा जणांची हजेरी घेतली आणि मोठा श्वास सोडला. "आता हे मला पाठवा, मी संगणकावर नीट लावून देतो," असं सांगून मी घरी आलो.

घरी पोचेपर्यंत माझ्या बायकोच्या हातात मोबाइल होता आणि ती सोफ्यावर आडवी होऊन हसत होती. मामांनी फाइल पाठवली होती. मला नव्हे, यादीत सगळ्यात वर असलेल्या, मामे-मावस-चुलत सगळ्यांच्या मिळून असलेल्या 'आपला परिवार' या गटावर.

चूक मामांच्याही लगेच लक्षात आली होती. त्यांनी घाईघाईनं तो निरोप काढून टाकला. पण काढताना 'माझ्यासाठी हटवा' हे बटण दाबलं. त्यामुळे त्यांच्या फोनवरून फाइल गेली, ते सुस्कारा टाकून जेवायला बसले, आणि बाकी सगळ्यांच्या फोनवर ती तशीच राहिली. गारखेड्यात एक माणूस शांतपणे वरण-भात जेवत होता आणि इकडे पैठणपासून पुण्यापर्यंत त्याचं खानदान त्याच्या नोंदी वाचत होतं.

धाकटे साडू: 'तिरुपतीस चप्पल हरवल्याची हकिकत सांगतात. ऐकली आहे असे म्हणू नये. शेवटी हसावे.' पुण्याची भाचेसून: 'पोहे आवडत नाहीत. पहिल्या दिवशी आवडतात म्हणाली, आता अडकली आहे. उपमा करावा.' थोरली बहीण: 'भाजीचे कौतुक करावे. मीठ मागू नये.' मी अर्थातच माझं नाव शोधलं. 'भाचेजावई. माणूस सज्जन. राजकारणावर बोलू देऊ नये. बोलू लागल्यास चहा मागवावा.' माझ्या डोळ्यांपुढून गेल्या कित्येक वर्षांतले ते सगळे कप सरकत गेले. त्या घरात मी तोंड उघडलं की चहा येतो, याला मी आजवर जावयाचा मान समजत होतो.

गटावर पहिल्यांदा साडूंनी लिहिलं, 'म्हणजे तिरुपतीचं सगळ्यांनी ऐकलंय?' आणि पुण्याच्या भाचेसुनेनं लिहिलं, 'मामा, तुमच्याकडे उपमाच का असतो ते आज कळलं. थँक्यू.' थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या मावशींनी, थोडा राग धरला, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मिठाची बरणी टेबलावर ठेवल्याचा फोटो टाकला. एकाच माणसाकडून काही आलं नाही. करमाडचे मामा गटावर होते; रोज सकाळी फुलांचं चित्र टाकायचे, आणि आपलं चित्र भावाच्या चित्राला चिकटून नको म्हणून मोठे मामा मध्ये दुसऱ्या कुणाचं यायची वाट बघत बसायचे. त्या सकाळी फुलं आली नाहीत.

मामांनी रात्रीपासून गट उघडलाच नव्हता, त्यामुळे त्यांना खरं काय झालं ते मलाच सांगावं लागलं. मी सकाळीच गेलो. ऐकल्यावर ते खुर्चीत बसले ते बसलेच. "त्याचं बी गेलं?" एवढंच त्यांनी विचारलं. कुणाचं, ते सांगायची गरज नव्हती. अबोला धरलेल्या भावाची नोंद सगळ्यांत लांब होती. त्याच्या शेतातून आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला विचारून विचारून मामांनी ती चालू ठेवली होती. मोसंबी लावली. बैल विकला, दोन दिवस जेवला नाही, बैलाविषयी विचारू नये. गुडघा दुखतो, डावा. खाली बसवू नये.

आम्ही असे बसलेले असतानाच फाटक वाजलं. करमाडचे मामा आत आले. अंगात कामाचाच सदरा होता, पायाला माती होती. शेतातून उठून तसेच फटफटीवर बसले असावेत. उंबऱ्याशी ते थांबले. मामी पदर सावरत बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मोठे मामा उठले. धाकट्यांनी खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि घसा खाकरून म्हणाले:

"दादा, तू लिवलंय डावा गुडघा. उजवा हाय."

मामांनी भावाच्या गुडघ्याकडे बघितलं. मग स्वतःचा फोन तोंडाजवळ नेला आणि त्याच त्यांच्या आकाशवाणीच्या आवाजात म्हणाले, "दुरुस्ती. उजवा गुडघा. पूर्णविराम."

"ह्यो कुनासंगं बोलायलाय, वैनी?" धाकट्यांनी घाबरून विचारलं.

मामी हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मोठ्या मामांनी स्वतःची खुर्ची उचलून भावापुढे ठेवली. "बस," ते म्हणाले. "तवा ध्यानातून गेलं रे माझ्या. लई चुकलं."

"ते कळलं," धाकटे बसत म्हणाले. "इतकं समदं लिवून ठिवनारा माणूस मुद्दाम इसरत नसतो. पन तवा कसं कळावं?" मग म्हणाले, "बैल म्या इकला नाय, दादा. मेला. इकला म्हनून सांगितलं समद्यांला." आणि मग बैलाविषयी विचारू नये असं लिहून ठेवणाऱ्या माणसानं भावाला बैलाविषयी विचारलं, आणि दुपारच्या जेवणापर्यंत ते दोघं त्या बैलाविषयीच बोलत राहिले.

अ‍ॅप महिनाअखेर बंद झालं, पण त्याआधी मी मामांच्या सगळ्या नोंदी संगणकावर घेऊन, प्रत्येक माणसाची वेगळी फाइल करून दिली. एक प्रत मामांच्या पेन ड्राइव्हवर, एक माझ्या बायकोकडे, आणि एक करमाडला. ती धाकट्या मामांनी बियाण्यांच्या डब्यात ठेवली आहे. हे काम करत एका रविवारी आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. मी नावं वाचायचो, मामा कुठल्या गटात टाकायचं ते सांगायचे. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले. मग ऑफिसातली नावं आली. त्यांच्याबरोबर नकाशे काढणारे, पुढच्या टेबलावरचे, मागच्या टेबलावरचे; त्यातले बरेचसे आता नाहीत. एका नोंदीत एवढंच होतं: 'जिना चढताना मध्ये थांबतात. आपणही काहीतरी बघत थांबावे.'

"मामा," मी म्हणालो, "जी माणसं गेलीत, त्यांच्या फाइल काढून टाकू का? यादी आटोपशीर होईल."

चष्मा काढून मामांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

"जागा लई खातात का त्या?"

"नाही मामा. काहीच नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या, जावईबापू," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."