अण्णांना दारुडा केलं ते मीच

राग मला माझ्याच माणसांचा येतो, आणि त्यात पहिला नंबर माझा. ख्रिस्ती म्हटलं की बाहेरचे लोक तोंड वाकडं करतात, धर्म बदलायला काय मिळालं म्हणून तोंडावर विचारतात. ते मी बावीस वर्षं पचवत आलेय. पण गेल्या वर्षी जे झालं ते बाहेरच्यांनी केलेलं नव्हतं.

मी जयसिंगपूरच्या पुढच्या एका गावातली, शेतकऱ्याची पोरगी. नर्सिंग शिकायला कोल्हापुरात आले, तिथं येशूवर विश्वास बसला, बाप्तिस्मा घेतला. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, सांगायला गावी गेले तेव्हा ते म्हशीला वैरण टाकत होते. हातातली पेंढी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुझं तू बघ. पर तुझा देव माझ्या उंबऱ्याच्या आत आणायचा न्हाय." नातं तोडलं नाही. माहेरपणाला बोलावलं, जाताना तुपाची बरणी दिली. पण मी येशूचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायचे. मीही काही कमी नव्हते, मागोमाग जाऊन बोलायचे. म्हशी ऐकायच्या, अण्णा नाही.

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं आणि महिनाभर त्यांना कळंब्याला माझ्याकडे ठेवून घेतलं. डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि पेपर वाचल्याशिवाय अण्णांना चहा गोड लागत नाही. म्हणून ड्यूटीवरून आले की मी पेपर वाचून दाखवायचे. एका संध्याकाळी पेपर संपला आणि ते म्हणाले, "त्या तुझ्या पुस्तकात काय हाय, वाच की."

मी येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला काढला. थोडं बी वाटेवर पडलं, थोडं खडकावर, एवढं ऐकूनच अण्णा उसळले. "आरं, ह्यो शेतकरी हाय का कोण हाय? बी काय फुकट आलंय व्हय रस्त्यावर सांडायला!" मी हसून बेजार. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, पुढं काय झालं त्या पेरणाऱ्याचं? मग रोजच वाचन सुरू झालं. गावी परतताना एसटी स्टँडवर म्हणाले, "रविवारी फोन करून वाचत जा. ऐकीन मी." त्यानंतर चार महिने दर रविवारी संध्याकाळी मी फोनवर वाचत होते आणि पलीकडं माझा बाप ऐकत होता. मला आणखी काय पाहिजे होतं?

आता आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची गोष्ट. आमच्यात साक्ष देतात. म्हणजे उपासनेत उभं राहून सांगायचं, आधी मी काय होते आणि येशूनं मला काय केलं. माझी साक्ष नेहमी फिक्की. आधी मी बरी होते, आता मनाला शांती आहे. असं म्हटलं की बाया पदरानं वारा घेत बसायच्या. एकदा पास्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आधीचा काळोख सांगितल्याशिवाय लोकांना उजेड कळत नाही. घरात काहीतरी असेलच की तुमच्या."

होतं ना! आयुष्यात एकदाच, धाकट्या काकांच्या लग्नात, कुणीतरी अण्णांना सरबतातून पाजली होती आणि ते मांडवातच आडवे झाले होते. आई असेपर्यंत ते सांगून हसायची. त्या एका दिवसाचे मी तीनशे पासष्ट केले. माझे वडील रोज प्यायचे, आई रडायची, घरात अंधार होता, असं माइकवर सांगितलं. लोक हालेलुया म्हणत उठून उभे राहिले. एका बाईनं मला कवटाळलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून मंडळीच्या नावानं नेटवर टाकला होता. वर नाव काय दिलं, तर "दारुड्या बापाच्या घरातून सुटका". आठवड्यात तो आमच्या गावातल्या मोबाइलवर पोचला. धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, आपला बा दारुडा हाय व्हय?"

आमच्या गावात दारूचं दुकान बंद करायला मतदान झालं होतं. दुकान राहू दे म्हणायचं तर उभी बाटली, बंद करा म्हणायचं तर आडवी बाटली. मत द्यायचं बायकांनी, पण आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरले होते ते अण्णा. दुकान उठलं. आजही कुणाचा नवरा पिऊन दंगा करायला लागला की बायको अण्णांना बोलवायला येते. त्या माणसाला आता डेअरीत दूध घालायला गेल्यावर पोरंटोरं विचारत होती, "काय अण्णा, उभी का आडवी?" अण्णांनी डेअरीला जाणं सोडलं. माझा फोन उचलणंही सोडलं.

मी तडक पास्टरांकडे गेले. म्हटलं, काढून टाका तो व्हिडिओ. तर म्हणाले, "ताई, किती लोकांना त्यातून आशीर्वाद मिळतोय! देव सगळं वापरतो." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! "देवाच्या गळ्यात कशाला बांधता?" मी ओरडले. "त्यानं सांगितलं नव्हतं मला खोटं बोलायला. तुम्ही सुचवलं आणि मी बोलले. एका निर्व्यसनी माणसाची अब्रू घालवून कसला आलाय आशीर्वाद?" पुढच्या रविवारी मी न विचारता माइक घेतला आणि सांगितलं, माझे वडील पीत नाहीत, माझ्या घरात अंधार नव्हता, मी खोटं बोलले. कुणी हालेलुया म्हटलं नाही. मग त्यांनी व्हिडिओ काढून टाकला, पण गावात कधीचाच पसरला होता तो.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं गावी गेले. घरी न जाता आधी डेअरीवर. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी होती, अर्ध्याअधिकांनी मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, अण्णांबद्दल जे बोलले ते खोटं आहे, लाज मला वाटायला पाहिजे, त्यांना नाही. एक म्हातारा काका म्हणाला, "आम्हाला काय ठावं न्हाई व्हय, पोरी? पर तू असं का बोललीस?"

घरी गेले. अण्णा सोप्यात बसले होते. डेअरीवरची बातमी माझ्या आधी पोचली होती. मी पायांशी बसून रडले, माफी मागितली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"माफ केलं," म्हणाले. "बाप हाय मी. चार लोकांत खरं बोललीस, बरं केलंस."

माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसले आणि वेड्यासारखं लगेच विचारलं, "मग रविवारी फोन करू, अण्णा? वाचू?"

ते माझ्याकडे बघत, अजिबात न रागावता म्हणाले, "तुझ्या पुस्तकातलं मला काय कळतंय, पोरी? मेलेला माणूस उठला म्हणतीस, आंधळ्याला दिसाय लागलं म्हणतीस. मी ऐकत हुतो, कारण सांगणारी तू हुतीस. माझी पोरगी खोटं बोलत न्हाय, एवढं मला ठावं हुतं. आता त्यातलं खरं किती आणि लोकांनी उठून उभं राहावं म्हणून वाढवलेलं किती, हे मी कशावरनं वळखू?"