लिंपलेला बांध

माझं माहेर रेणापूरकडचं. लातूर जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. आमच्या वाट्याला जिल्हा आला, पाणी काही आलं नाही. टँकरपाशी घागरी घेऊन भांडता भांडता मी लग्नाची झाले आणि इस्लापूरला आले, धानाच्या मुलखात. दुष्काळ तिथंही होता, पण पाटाला बारीक धार होती आणि शेतात घोटाभर पाणी. मला श्रीमंत झाल्यासारखंच वाटलं.

नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. घरात युरियाची एकच गोणी. धानाला फुटवे फुटायला लागले तशा सासूबाई शेतात आल्या आणि त्यांनी कुदळीनं चक्क बांध फोडला. पाणी भळाभळा खाली चाललं. बाई शुद्धीवर आहे का?

"पानी उतरलं की चिखलावर युरिया फेक. उद्या पाटाचं पानी घे," म्हणाल्या आणि गुडघा धरत घरी गेल्या.

त्यांची पाठ वळताच मी चिखल थापून बांध लिंपला आणि युरिया पाण्यातच फेकला. घरी सांगितलं, झालं. पाणी वाचवलं म्हणून स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

सासूबाईंचा गुडघा सुजला. दहा-बारा दिवसांनी त्या शेतात आल्या, तर धान पिवळंच.

"दुकानदारानं खोटा युरिया देऊन फशिवलं मला!" त्या कडाडल्या.

खालच्या तुकड्यात माझी विधवा चुलत जाऊ उभी होती. तिच्या शेताला हात जाईल एवढ्या भेगा. ती हळूच म्हणाली, "बांध त्याच दिशी बुजला व्हता, काकू. म्या वाट बघून राहिले."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मी खरं सांगून टाकलं. वाटलं, आता गालफडात बसणार.

"भरल्या पान्यात युरिया उडून जातो. आपलं गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या. "पर ते पानी वाया जात न्हवतं, पोरी. युरियाच्या दिवशी वरचं पानी खालच्याला, अशी रीत हाय. तिच्याकडं पाट जात न्हाई."

टँकरपाशी घुसून आपलीच घागर भरणाऱ्या बायकांना मी किती शिव्या दिल्या होत्या!

कुदळ उचलली आणि बांध फोडला. पाणी भेगांत शिरलं आणि दिसेनासं झालं. जावेचं धान तोवर वाळून गेलं होतं.