क्रॅश डंपमध्ये दिसलेली दोन नावं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. ज्यांना आधी सांगायला हवं होतं ते गेले, तेव्हा आता निदान लिहून टाकतो. भूतखेत, भास... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणूनच जास्त चिडचिड होते.

नांदेडला मी एका छोट्या कंपनीत होतो. वजनकाट्याला जोडायचे कॉम्प्युटर आम्ही बनवायचो. काट्यावरचं वजन कॉम्प्युटरला वाचून देणारा, लिनक्स कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर दोघांनी लिहिलेला — अर्धा मी, अर्धा माझे सहकारी सलीमभाईंनी. आपल्या फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या आकड्यांना, म्हणजे पॅरामीटरना, ते घरच्या बोलीतली नावं द्यायचे. कितना, किधर... मी हसलो की म्हणायचे, "हसा ओ कुलकर्णीसाब! नाव वाचलं की काम कळाया पाहिजे."

गिऱ्हाइकाकडे पाठवताना मात्र फाईल लहान व्हावी म्हणून ही नावं मी काढून टाकायचो.

हिमायतनगरचा काटा ऐन सोयाबीनच्या हंगामात सारखा बंद पडू लागला. तिकडे ट्रॅक्टरांची रांग, इकडे फोनवर शिव्या. कंपनीचे मालक म्हणाले, "चूक कोणाची ते आज सांगा. तो माणूस उद्यापासून नको."

मशीन बंद पडताना मेमरीची जी प्रत ठेवतं, म्हणजे क्रॅश डंप, ती मी क्रॅश टूलमध्ये उघडली. भर दुपार, ऑफिसात लख्ख उजेड. एरवी त्यात फंक्शनांची नावं दिसायची आणि पुढे नुसते आकडे. कोणता आकडा कशाचा, ते डोकं फोडून काढावं लागायचं. त्या दिवशी सलीमभाईंच्या फंक्शनसमोर स्वच्छ लिहून आलं — कितना = ६४, किधर = ०.

किधर शून्य. म्हणजे वजन कुठे ठेवायचं तो पत्ताच रिकामा, आणि तो पाठवणारं फंक्शन माझं होतं.

तेवढ्यात मालक आत आले. मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, तर नावं गेलेली! नुसते आकडे. कशालाही हात लावला नव्हता मी.

"काय निघालं?"

"सलीमभाईंच्या फंक्शनमध्ये पडलंय," मी म्हणालो. खोटं नव्हतं... पण खरंही नव्हतं. सलीमभाईंची नोकरी गेली, आणि माझी ओळ मी गुपचूप दुरुस्त केली.

त्यानंतर तीच फाईल, तेच टूल, तोच कॉम्प्युटर — किती वेळा उघडून पाहिलं! नावं नाहीत. एका जाणकाराला विचारलं, तर म्हणे, "काका, नावं फाईलमध्येच नाहीत, टूल दाखवणार कुठून?" अहो, तेच तर मी विचारतोय! भास म्हणावा, तर चूक नेमकी तिथेच सापडली होती. उत्तर आजही नाही.

मागे एकदा देवणीला गेलो होतो. सलीमभाईंनी तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं.

"अरे, कुलकर्णीसाब! लई दिवसानं. बसा, चहा सांगतो."

चहा पिता पिता तेच म्हणाले, "एक इचारू का? माझं काय चुकलं व्हतं ओ? आजूक डोकं लावून राहिलो, सापडंना."

सलीमभाई, तुमचं काहीच चुकलं नव्हतं, चूक माझी होती, मला माफ करा... सगळं ओठांपर्यंत आलं होतं.

"जुनी गोष्ट झाली," मी म्हणालो. "लातूरची गाडी कधी आहे?"