पितळी पुंगळी आणि ताकाची दोरी

मंडळी, आज आपण लय खूश हाय! अंगठा दुखायचा थांबलाय, म्हणून तर टाईप करतोय.

आमच्या गावात, रहिमतपूरजवळ, शहीद स्मारकापुढं फुलं ठेवायला तोफगोळ्याची रिकामी पितळी पुंगळी हाय. गुडघ्याएवढी उंच. गावच्या शहीद जवानांची नावं तिच्यावर कोरल्यात. मशीनवर पॉलिश केली तर नावं झिजतील, म्हणून ती हातानंच घासायची. आणि ती बी फक्त आमी माजी सैनिकांनी, असा रिवाज.

यंदा पाळी माझी. पुंगळी घरी आणली, पण अर्ध्या तासात अंगठा असा ठणकायला लागला की चिंधी धरवंना. 'जमत न्हाई' म्हणायची बी लाज.

वहिनी दारातनं बघत हुत्या. म्हणाल्या, "भावजी, ताक काय बोटांनी घुसळत्यात व्हय? दोरी ओढा की!"

त्यांनी जुन्या धोतराची लांब पट्टी फाडली, पॉलिश लावलं, पुंगळीला एक वेढा दिला. मी पुंगळी गुडघ्यात दाबून धरली आणि रवीच्या दोरीगत दोन्ही टोकं आलटून पालटून ओढली. सगळा जोर खांद्यावर, अंगठा मोकळा! गड्यांनो, दहा मिनिटांत आरसा झाला की आरसा!

नावांची जागा तेवढी राहिली. तिथं हलक्या बोटानंच घासावं लागतं. मी चिंधी वहिनींच्या हातात दिली.

त्या नावांत माझ्या थोरल्या भावाचं नाव हाय. इतकी वर्षं वहिनी लांबनंच हात जोडत आल्या. आज पहिल्यांदा त्यांनी त्या नावावरनं बोट फिरवलं.

सांगा मंडळी, माझा अंगठा दुखला नसता, तर हे आमाला कवा सुचलं असतं?