बेसमेंटमधलं बीजगणित

नेपरव्हिलच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी रविवारी मुलांचा मराठी वर्ग घेत असे, ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्ग म्हणायचा आपला. दिवाळीपर्यंत चारच मुलं उरली होती, आणि त्यातली एक माझीच मुलगी, म्हणजे तिला पळायला जागा नव्हती. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "जेवायला काय करू गं?" "एनिथिंग, बाबा." तिनं एकदा तरी अख्खं वाक्य मराठीत बोलावं, एवढीच माझी इच्छा. त्यासाठी गोष्टी सांगून झाल्या, गाणी झाली, चकल्यांची लाचही देऊन झाली. चकल्या संपल्या, वाक्य काही आलं नाही.

मुलांच्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेकडे डोळे लावून बसलेल्या इतर पालकांचं म्हणणं सरळ होतं. "मराठी येऊन एसएटीत मार्क मिळतात का?" मग मीही हट्टाला पेटलो. यापुढे बीजगणित शिकवणार, पण मराठीतून, असं सगळ्यांना फोन करून सांगितलं. पुढच्या रविवारी जिन्यावर स्नोबूट ठेवायला पायरी उरली नाही.

एक्सचा क्ष झाला, वायचा य झाला. अवयव पाडायचे तर पाढे हवेत, म्हणून पाढेही आले. 'क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक बारा' म्हटलं की पोरं "तीन आणि चार!" म्हणून ओरडायची. माझी लेक तेच अवयव सर्वांच्या आधी पाडायची आणि इंग्रजीत सांगायची. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

दोन समीकरणांपर्यंत पोचलो तेव्हा मी प्रत्येकाला घरून एक शाब्दिक गणित रचून आणायला सांगितलं. त्या रविवारी वर्ग लांबला. मुलांना न्यायला आलेले पालक कोट घालून जिन्यावरच उभे होते. लेक फळ्यापाशी गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबांचं आणि माझं वय मिळून छप्पन्न. चार वर्षांपूर्वी बाबांचं वय माझ्या वयाच्या पाचपट होतं. तर बाबांचं वय किती?"

मराठीत! एक इंग्रजी शब्द नाही! मी इतका हरखलो की गणित कशाचं आहे याकडे लक्षच गेलं नाही. "सोडवा रे, सोडवा!" असं मीच ओरडलो. पोरांनी भराभर य काढला, बारा. छप्पन्नातून तो वजा केला आणि एका सुरात जाहीर केलं, "चव्वेचाळीस!"

जिन्यावरच्या त्या पालकांमध्ये आमच्या व्हॉलीबॉल टीमचे कॅप्टनही उभे होते. टीम चाळिशीच्या आतल्यांची. केसांना कलप लावून गेले काही उन्हाळे मी तिथे एकोणचाळीसचाच होतो.

"व्हॉट, यार! फॉर्टी-फोर?" कॅप्टन म्हणाले.

सारवासारव करायचं सोडून मी टाळ्या वाजवत सुटलो. टीम गेली खड्ड्यात, माझी पोरगी बोलली होती. तिनं खडू खाली ठेवला आणि जिन्याकडे वळून म्हणाली, "काका, इथे मराठीत बोला."